हेरंबची लांबलचक चाचणी

डोंगराच्या अलीकडे एक गाव होतं, आणि त्या गावात एक कारखाना. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना उबेत ठेवायच्या काचेच्या पेट्या तिथं बनत. पेटीची ऊब सांभाळायचा एक प्रोग्राम, आणि तो प्रोग्राम लिहायचा हेरंब. पोरगा हुशार, पण अंगात ताठा फार.

प्रोग्राम नीट चालतो की नाही हे बघायला चाचणी लिहावी लागते. चाचणी म्हणजे प्रोग्रामची परीक्षाच. पास झाला की पडद्यावर हिरवी पट्टी, नापास झाला की लाल. शहाणी माणसं एका गोष्टीची एक चाचणी लिहितात. हेरंबनं काय करावं? ऊब, दार, वीज, घंटा, सगळं एकाच चाचणीत कोंबलं. वाचायला बसा, संपायचं नावच नाही! वर नाव काय दिलं, तर 'सगळं तपासा'. "एकदा चालवा, झालं काम," असं तो ऐटीत सांगायचा. पट्टी रोज हिरवी यायची, मग त्याला बोलणार कोण?

एके दिवशी सकाळीच डोंगरापलीकडच्या दवाखान्यातून फोन आला. एक बाळ फार लवकर जन्मलं होतं. नर्सबाई त्याला कापसात गुंडाळून, शेजारी गरम पाण्याच्या पिशव्या ठेवून कशीबशी ऊब देत होत्या. शहरापर्यंतचा प्रवास त्याला सोसला नसता. मालक दाणीसाहेबांनी नवी पेटी लगेच गाडीत चढवली. तिच्यात प्रोग्राम भरायचा तेवढा राहिला. हेरंबनं चाचणी चालवली. पट्टी हिरवी!

"झालं! भर आणि गाडी सोड," दाणीसाहेब म्हणाले.

हेरंबचं काम नजरेखालून घालायला सुमेधाताई होत्या. त्या म्हणाल्या, "हेरंब, तिकडे वीज सारखी जाते. वीज गेली की पेटीतल्या बॅटरीवर घंटा वाजायला हवी. ते कुठं तपासलंयस? दाखव बरं."

"आहे की आत!" हेरंब म्हणाला आणि शोधायला लागला. वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. अहो, स्वतःच लिहिलेलं आणि स्वतःलाच उमगेना! शेवटी एक ओळ सापडली, 'घंटा वाजते का?' पण ती वीज गेल्यावरची की दार उघडं राहिल्यावरची, ते काही त्याला सांगता येईना. बाहेर ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत होता.

"अरे, पट्टी हिरवी आहे ना? तिकडे बाळ गारठतंय!" दाणीसाहेब ओरडले.

'हो, तपासलंय' एवढं म्हटलं की हेरंब सुटला असता. कुणाला कळणार होतं? पण वीज गेली आणि घंटा वाजलीच नाही तर? आत ते एवढंसं बाळ! आणि थांबावं, तर तिकडे त्याच बाळाचे हाल. काय करावं ते त्याला सुचेना.

"साहेब," तो शेवटी म्हणाला, "माझीच चाचणी मला वाचता येत नाहीये. थोडा वेळ द्या."

साहेबांनी कपाळावर हात मारला. "कर! पण लवकर कर."

सुमेधाताई नावं सांगत गेल्या, हेरंब चाचणीचे तुकडे करत गेला. 'पेटी पुरेशी तापते.' 'पेटी जास्त तापत नाही.' 'दार उघडं राहिलं की घंटा वाजते.' 'वीज गेली की घंटा वाजते.' प्रत्येक चाचणी घंटा बंद करूनच सुरू करायची, असंही ताईंनी बजावलं. घामानं हेरंबची बोटं घसरत होती. त्यानं चाचण्या चालवल्या. हिरवी. हिरवी. हिरवी.

लाल.

वीज गेली तरी घंटा वाजत नव्हती! जुन्या चाचणीत आधी दार उघडलं जायचं, तेव्हा घंटा वाजू लागायची, आणि ती बंद करायला हेरंब विसरला होता. पुढं वीज घालवून 'घंटा वाजते का?' असं विचारलं की ती आधीचीच घंटा वाजत असायची. म्हणून पट्टी हिरवी. वीज गेल्यावर घंटा वाजवा, ही ओळ प्रोग्राममध्ये नव्हतीच मुळी.

हेरंबनं ती ओळ लिहिली, सगळ्या चाचण्या पुन्हा चालवल्या. साऱ्या हिरव्या झाल्या तेव्हा कुठं प्रोग्राम पेटीत भरला आणि गाडी सुसाट निघाली. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. तो फोनकडे बघत बसून राहिला.

दुपार कलल्यावर फोन वाजला. नर्सबाईच होत्या. "बाळाला पेटीत ठेवलं आणि मी पलीकडे त्याच्या आईपाशी गेले, तर घंटा ठणाणा करायला लागली! बघते तर वीज गेलेली. धावत जाऊन जनरेटर लावला. बाळ छान आहे हो आता. आई रडतेय नुसती."

हेरंबचे डोळे भरून आले होते. फोन ठेवून त्यानं 'सगळं तपासा' ही चाचणी उघडली आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पुसून टाकली.

तात्पर्य: जी तपासणी आपल्यालाच वाचता येत नाही, तिच्या भरवशावर कुणाचा जीव सोपवू नये; एका वेळी एकच प्रश्न विचारावा, म्हणजे खरं उत्तर मिळतं.