हौद्याचं अस्तर

"रबराचं घालू, की पत्र्याचं?"

नूरबाबा दर्ग्याचं अंगण झाडत होते. खराटा थांबला नाही.

"बाबा, गाडीचं विचारतोय. पिकअपच्या मागच्या हौद्याला आतून अस्तर घालायचंय. लायनर म्हणतात त्याला."

खराटा पायरीवरून खाली आला, दादाच्या पावलांना वळसा घालून पुढे गेला.

"पाय उचल जरा."

दादाने पाय उचलला.

दर्गा खाडीकाठच्या खाजणाच्या मधोमध आहे, एका उंचवट्यावर. चारी बाजूंना मिठागरं. सकाळी वारा पडलेला असला की वाफ्यांमधलं पाणी हलत नाही, आणि आभाळ वर आहे की खाली, ते ठरवता येत नाही. बांधावरून चालताना मला नेहमी वाटतं, पाय सरकला तर आपण पाण्यात नाही, ढगात पडू. त्या सकाळी एक बगळा स्वतःच्याच पायांवर उलटा उभा होता. तो उडाला आणि मी दादाचा दंड धरला.

"अगं, बगळा आहे," दादा म्हणाला.

जयेंद्रदादा माझा थोरला भाऊ. गाडी त्याची. नवी, पांढरी.

आमच्या आप्पांनी उभा जन्म डोक्यावरून मीठ वाहिलं. टोपलीतून ठिबकणाऱ्या खाऱ्या पाण्याने त्यांच्या टाळूवरचे केस कधीच गेले. आता मान वळत नाही. म्हणून ही गाडी.

त्या दिवशी अमावास्या होती. दुपारी उधाणाचं पाणी खाडीतून चढणार होतं, आणि टोकाचा बांध खेकड्यांनी पोखरला होता. त्याच बांधाला लागून आप्पांची मिठाची रास. अख्ख्या हंगामाची. पाणी आत आलं असतं तर मीठ ज्या समुद्रातून आलं तिथंच परत गेलं असतं. आप्पा फावडं घेऊन राशीपाशी उभे होते, गाडीची वाट बघत. आम्ही तिकडेच निघालो होतो.

वाटेत दर्गा लागला. दादा थांबला.

आमच्या घरात काही ठरत नसलं की नूरबाबांना विचारायचं, अशी आजोबांपासूनची रीत आहे. बाबा फकीर. तरुणपणी कधीतरी या दर्ग्याच्या ओसरीवर एका रात्रीपुरते झोपले, ते राहिलेच, म्हणतात.

"रबर चांगलं, बाबा. धक्का खातं. पण उन्हात वास मारतं."

"मग नको."

"नक्षीचा पत्रा मिळतो, जाडजूड. पण मीठ पत्र्याला खातं."

"मग नको."

"आता स्प्रे मारतात. काळा. नखासारखा घट्ट बसतो. पण एकदा मारला की निघत नाही."

"मग नको."

"तयार साचा येतो प्लास्टिकचा. नुसता आत ठेवायचा. पण त्याच्याखाली पाणी अडकतं. वरून सगळं नवं, आतून गंज. कळतसुद्धा नाही."

"मग नको."

दादा कमरेवर हात ठेवून उभा राहिला. तालुक्यातली सगळी दुकानं त्याने पालथी घातली होती. कुणाकडे कोणता माल, किती जाडीचा, त्याला तोंडपाठ होतं.

"सगळ्यालाच नको म्हटलंत तर घालू काय?"

"काय भरणार आहेस?"

"मीठ."

"कुठंय?"

"अजून भरलं कुठं? लायनर नाही ना."

बाबांनी खराटा भिंतीला टेकवला.

"बस," ते म्हणाले.

आम्ही ओसरीवर बसलो...

माझा फोन वाजला. मी दचकले, तो हातातून निसटता निसटता राहिला. आप्पा होते.

"पाणी बांधातल्या मोरीच्या दगडाला लागलं गं. कुठं आहात?"

"दर्ग्यावर, आप्पा. दादा... बाबांशी बोलतोय."

फावडं जमिनीवर टेकवल्याचा आवाज आला, मग फोन बंद झाला.

"आलोच म्हणून सांगायचं होतंस," दादा म्हणाला.

"दादा, आधी मीठ काढू या ना. अस्तराचं मग बघ."

"ओलं मीठ कोऱ्या हौद्यात? फावड्याने? पहिल्याच दिवशी ओरखडे?" त्याने बाबांकडे बघितलं. "एकदा ठरलं की दुकानात फोन करतो. उद्या सकाळी बसवून देतील."

"उद्या मीठ असेल का?"

"तू घाबरवू नकोस उगाच. माशी उडाली तरी घाबरतेस तू."

ते खरंच आहे.

मला तर त्या गाडीत बसायचीही धास्ती वाटते. सीटवरचं शोरूमचं प्लास्टिक दादाने अजून काढू दिलेलं नाही. जरा हललं की ते कुरकुरतं. घरी टीव्हीचा रिमोटही त्याने पिशवीत घालून रबर लावून ठेवलाय. बटणं नीट दिसत नाहीत, आई आवाज वाढवायला जाते आणि कीर्तनाच्या जागी कुस्ती लागते.

"बाबा, लोक हसतात मला," दादा म्हणाला. "पण गावात ज्याने ज्याने गाडी घेतली, त्याचा हौदा बघा. महिन्याभरात भंगार. माझा तसा होणार नाही. दहा वर्षांनीही लोकांनी विचारलं पाहिजे, नवी घेतली काय रे?"

"मग तू काय सांगशील?"

दादाने विचार केला.

"...हो म्हणेन."

बाबा हसले. दात फारसे नव्हते, त्यामुळे हसू बराच वेळ टिकलं.

मग दादाला आठवण झाली. गाडीसाठी त्याने चादरीचा नवस केला होता. तो गाडीकडे गेला आणि पुढच्या सीटवरून चादर घेऊन आला. हिरवी, काठाला सोनेरी जर. डोक्याला रुमाल बांधून आत गेला आणि कबरीवर ती पसरली. मी उंबऱ्याशी उभी होते. सगळं रीतसर झालं.

फक्त चादर प्लास्टिकमध्ये होती. दुकानातून आली तशी, चारी बाजूंनी चिकटपट्टी लावलेली.

बाबा तिच्याकडे बघत राहिले.

"कागद काढायचा राहिला का?"

"नाही बाबा, मुद्दामच ठेवलाय. खारा वारा आहे इथला. जर काळी पडते. अशीच राहू दे. वर्षानुवर्षं नवी राहील."

"कुणासाठी?"

"...पिरासाठी."

बाबांनी बोटाने प्लास्टिक दाबलं. ते कुरकुरलं.

"त्यांची झोप नाही मोडणार?"

आत उदाचा धूर होता, आणि तो कुठेच जात नव्हता.

बाहेर नाल्यातलं पाणी उलटं वाहायला लागलं होतं. खाडीकडून आत. आवाज अजिबात नव्हता. एक वाळकं पान दर्ग्याच्या दिशेने येताना मी बघितलं.

"दादा..."

"हो गं. निघू या. बाबा, शेवटचं सांगा. तुम्ही म्हणाल ते घालतो. माझं इतकंच म्हणणं आहे, तिला काही लागू नये. काही म्हणजे काही."

"काही म्हणजे काही?"

"हो."

बाबांनी कबरीवरची चादर उचलली, प्लास्टिकसकट, दोन्ही तळहातांवर. दुसऱ्या कशाला न शिवता बाहेर आले. अंगणातल्या टाकीपाशी थांबून त्यांनी पाय धुतले, आधी उजवा, मग डावा. आणि गाडीकडे गेले.

"मागचा फाळका उघड."

दादाने फाळका खाली सोडला. बाबा हौद्यात चढले.

तो हौदा मी तोवर नीट बघितला नव्हता. इतका पांढरा आणि इतका रिकामा. आभाळ त्यातही उतरलं होतं.

बाबांनी चादर मधोमध पसरली. गुडघ्यावर बसून चारी कोपरे सरळ केले, सुरकुती हाताने काढली, रोज आत करतात तसं. कुर्त्याच्या खिशातून गुलाबाच्या पाकळ्या काढून वर टाकल्या. एक उदबत्ती पेटवून कडेच्या फटीत खोचली. मग खाली उतरले. खांद्यावरचं फडकं डोक्यावर घेतलं, गाडीच्या पायथ्याशी उभे राहिले, आणि दोन्ही तळहात छातीसमोर उघडून डोळे मिटले.

वारा नव्हता. धूर सरळ वर जात होता.

मी ओढणी डोक्यावर घेतली. सवयीने. दादाचे हात जोडलेले होते. ते त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्याने ते सोडवले, आणि मग ते कुठं ठेवायचे हे त्याला कळेना.

"बाबा..."

ओठ हलत होते. डोळे मिटलेले.

"बाबा, हे काय करताय?"

...

"अहो बाबा, ही माझी गाडी आहे."

बाबांनी डोळे उघडले. आधी गाडीकडे बघितलं, मग दादाकडे. चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

"हो का?" ते हळूच म्हणाले. "मला वाटलं, गेली."

चादरीखाली खरंच कुणीतरी आहे असं वाटून मी एक पाऊल मागे सरले.

दादा हौद्याकडे बघत उभा राहिला. उदबत्तीची राख वाकली, तुटली आणि त्या पांढऱ्या पत्र्यावर पडली. त्याने ती पुसली नाही.

मग त्याने चादर उचलली, दोन्ही हातांनी बाबांना दिली, आणि गाडीत जाऊन बसला. सीटचं प्लास्टिक कुरकुरलं. तो पुन्हा खाली उतरला, ते सीटवरून ओरबाडून काढलं, पायाखाली कोंबलं, आणि गाडी सुरू केली. मला बसायला सांगायचं तो विसरला. मी ओढणी सावरत मागे धावले.

टोकाच्या बांधावर आप्पा होते. खेकड्यांच्या बिळांमधून पाणी आत यायला लागलं होतं, बोटाएवढ्या धारांनी, न बोलता. राशीची खाडीकडची कड खालून विरघळत होती. मीठ पडत नव्हतं, ढासळत नव्हतं. नुसतं कमी होत होतं, झोपेत एखादी गोष्ट विसरावी तसं.

आप्पांनी गाडीकडे बघितलं.

"अस्तर?"

"राहू दे," दादा म्हणाला.

आप्पांनी पहिलं फावडं टाकलं. मी डोळे मिटले. खर्र... असा आवाज झाला, लांबलचक.

डोळे उघडले तेव्हा दादा चिखलाच्या पायांनी हौद्यात उभा होता आणि मीठ आत ओढत होता. तोही फावड्यानेच.

आम्ही मीठ दर्ग्याच्या उंचवट्यावर आणून ओतत राहिलो. मी घमेल्याने भरत होते. एका खेपेला बांधाचा तुकडा चाकाखालून गेला, गाडी कलली, हौद्याची कड दगडाला घासली. दादाने आरशात बघितलं आणि गियर बदलला.

राशीची एक बाजू गेली. बाकी मीठ वर आलं. शेवटची खेप निघाली तेव्हा बांध कुठे होता ते फक्त आप्पा सांगू शकत होते. मागे सगळीकडे आभाळच होतं.

पाणी उतरायला लागलं तेव्हा गाडी दर्ग्याच्या पिंपळाखाली उभी होती. हौद्याच्या तळावर ओरखडेच ओरखडे. एका कडेला पोचा आलेला. कोपऱ्यांत ओलं मीठ. आणि त्या मिठात, डोक्याखाली घमेलं पालथं घालून, आप्पा झोपलेले. एक पाय फाळक्यावरून बाहेर लोंबत होता. पांढरा, घोट्यापर्यंत.

दादाने हौदा धुवायला गोड्या पाण्याची बादली भरून आणली होती. ती त्याने चाकापाशी ठेवली. मग तिथंच उकिडवा बसला. मीठ पत्र्याला कसं खातं हे त्या अख्ख्या खाजणात त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसेल. तो बसून राहिला. बादलीतल्या पाण्यावर पिंपळाचं एक पान येऊन पडलं, तरी तो बसूनच.

नूरबाबा बाहेर आले. आत कबरीवर हिरवी चादर दिसत होती, नुसती चादर, आणि तिचा काठ वाऱ्याने हलत होता. आता वारा सुटला होता.

दादा हळू आवाजात बोलला, आप्पा जागे होऊ नयेत म्हणून.

"बाबा, रबराचं घालू का मग?"

"घाल."

"की पत्रा?"

"पत्रा घाल."

"स्प्रेचा कोट?"

"तोही चांगला."

दादा गोंधळला. माझ्याकडे बघितलं. मला काय कळणार?

"पण बाबा, सकाळी तर तुम्ही सगळ्यालाच नको म्हणालात."

बाबांनी त्या लोंबत्या पायाकडे बघितलं. तळव्याला चिकटलेला मिठाचा एक खडा चमकत होता...

"सकाळी गाडी होतीच कुठं?"