आपणहून उठून येतं ते

“मग ते बंद कसं करायचं, बाबा?”

टाकळकर सरांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. सोमगिरी बाबा चष्मा पुसत होते.

“काय बंद करायचं म्हणालास?”

“सकाळचं. डोळा उघडतो, मी अजून पुरता जागाही नसतो, आणि हातानं दोन कपांचं आधण ठेवलेलं असतं. चहा उकळला की लक्षात येतं...”

“काय?”

“की प्रमिला नाही.”

बाबा चष्मा पुसत राहिले.

हे टाकळकर सर म्हणजे तालुक्याला कॉम्प्युटरचा क्लास चालवणारे. निम्म्या तालुक्याला माऊस धरायला त्यांनीच शिकवलं, आणि ते कुणाला विसरू द्यायचे नाहीत. बायको जाऊन चौदा महिने झालेले. डोंगर चढून मठात आले ते हातही न जोडता बसले, आणि दुकानात बंद पडलेलं घड्याळ टाकावं तसं आपलं दुःख बाबांपुढे टाकलं. दुरुस्त करा, संध्याकाळी घेऊन जातो.

मठातला स्वयंपाक माझ्याकडे. मी ओसरीच्या टोकाला ज्वारी निवडत होते, म्हणून सगळं कानावर आलं.

“लहान भांडं घे,” बाबा म्हणाले.

“घेतलं. एकाच कपाचं आणलं. तर हात त्यात दोनदा चहा करतो.”

“असं.”

“मुलीनं ओट्यावर चिठ्ठी चिकटवली, एक कप. त्या चिठ्ठीकडे बघत बघत दोन करतो. हसू नका, बाबा.”

“हसत नाही.”

“मला ते मुळापासून काढून हवंय. जप सांगा, उपास सांगा. काय म्हणाल ते करतो.”

“सांगतो. आधी माझं एक काम कर. आमचा कॉम्प्युटर उठायला फार वेळ लावतो.”

मठात कॉम्प्युटर आहे, बरं का, इथंच ओसरीवर. जुन्या पोथ्यांचे फोटो त्यात भरलेत. बाबांची नजर अधू झाली तशी ते पोथीची अक्षरं बोराएवढी करून त्यावरच वाचतात. पण कळ दाबावी, आत जाऊन दोन भाकरी थापून याव्यात, तेव्हा कुठे पोथीचं पहिलं पान दिसायचं.

सरांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जीव आला.

“हे होय. हे तर मी क्लासमध्ये पहिल्या आठवड्यात शिकवतो.”

“म्हणून तर तुला सांगितलं.”

सर खुर्चीवर बसले. बोटं सरसर चालली. पडद्यावर एक यादी आली.

“हे बघा. कळ दाबली की ही सगळी मंडळी आपणहून उठून येतात. बोलावलेलं कुणीच नसतं. सगळ्यांना एकदम दारातून आत घुसायचं असतं, म्हणून तुमची पोथी मागे राहते. मी एकेक नाव घेतो. तुम्ही हवं की नको तेवढं सांगा.”

“घे.”

“प्रिंटरवालं.”

“त्या प्रिंटरात उंदीर व्याले. कधीच देऊन टाकला. नको.”

“हे एकमेकांना बघत बोलायचं.”

“टाळेबंदीत त्यावर भजन करायचो. एकाचा टाळ दुसऱ्याच्या टाळाला कधी भेटला नाही. नको.”

“पत्त्यांचा खेळ.”

बाबा जरा थांबले.

“बाबा?”

“...नको.”

सर एकेका नावापुढची खूण काढत चालले होते. बाबांनी मान पुढे केली.

“काढून टाकलंस का ते?”

“नाही. ते आत आहेच. कळ दाबली की आपणहून उठायचं नाही, एवढंच. तुम्ही बोलावलं तर येईल.”

“पुन्हा सांग.”

सरांना वाटलं, म्हाताऱ्याला कमी ऐकू येतं. त्यांनी आवाज चढवला.

“ते आत आहेच, बाबा. आपणहून येणार नाही. बोलावलं तर येईल.”

“आणखी एकदा.”

“ते आत आहेच. आपणहून...”

सर मध्येच थांबले. माऊस हातात तसाच राहिला. खाली गोठ्यात गाय हंबरली, ते ऐकल्यासारखं त्यांनी तिकडं बघितलं.

मग पुन्हा पडद्याकडे वळले.

“एक राहिलंय. ‘गोळी’ म्हणून आहे. हे काय?”

सरांनी ते उघडलं. पडद्यावर एक लहानशी चौकट आली. बाबा, गोळी घेतली का? त्याखाली दाबायला दोन शब्द होते. एक ‘घेतली’, एक ‘नंतर’.

“ओंकारगिरीनं करून ठेवलंय,” बाबा म्हणाले. “माझा शिष्य. हा कॉम्प्युटर त्यानंच आणून जोडला. मी बीपीची गोळी विसरायचो. चिडायचा.”

“कुठं असतात ते?”

“नर्मदेच्या परिक्रमेला गेलाय.”

“यायचेत कधी?”

“तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस लागतात.”

“आणि गेले कधी?”

“आठ वर्षं झाली.”

मी सुपातले खडे उगाच दोनदा वेचले.

“ती गोळी तरी चालू आहे का, बाबा?”

“डॉक्टरनं ती केव्हाच बंद केली. दुसरी दिली. ती या बाई न चुकता देतात.”

“मग हे तर सगळ्यात आधी बंद करायला पाहिजे.”

सरांनी माऊस सरकवला. बाबांनी त्यांच्या हातावर आपला हात ठेवला. सुकलेला हात, शिरा वर आलेल्या. पण सरांना तो बाजूला करता आला नाही.

“ते येऊ दे.”

“आपणहून?”

“आपणहून.”

सरांनी खूण तशीच ठेवली. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा कळ दाबली. माझ्या ओंजळीतली ज्वारी सुपात पडायच्या आत पडदा उजळला.

“इतक्यात?” बाबा म्हणाले.

“इतक्यात.”

“बाई, आता तुमच्या भाकरीला सवड नाही.”

मी सूप पाखडायला घेतलं.

पडद्यावर आधी ती चौकट आली. बाबा, गोळी घेतली का? बाबांनी माऊस हातात घेतला. बाण इकडेतिकडे हलत हलत नेला, आणि ‘नंतर’वर दाबलं. चौकट गेली. मागं पोथीचं पान उभं होतं.

सरांतला मास्तर जागा झाला.

“चुकलं, बाबा. ‘घेतली’ दाबायचं. ‘नंतर’ म्हटलं की ते तासाभरानं परत विचारत बसेल.”

“विचारतं. दिवस मावळेपर्यंत विचारतं.”

“मग ‘घेतली’ म्हणून मोकळे व्हा ना.”

“एकदा म्हटलं होतं.”

“मग?”

“दुसऱ्या दिवशीपर्यंत गप्प राहिलं...”

सर पडद्याकडे बघत राहिले. मग उठले. येताना जोडायचे राहिलेले हात त्यांनी आता जोडले, पण कसा जप करायचा, कोणता उपास धरायचा, ते काही विचारलं नाही. पायऱ्यांपाशी जाऊन चपला घालायला लागले.

“मास्तर,” बाबांनी हाक मारली.

“जी.”

“त्या दुसऱ्या कपाचं काय करतोस?”

“मोरीत ओततो.”

“केव्हा?”

“लगेच. बघवत नाही, म्हणून... वाफ निघत असतानाच.”

बाबांनी चष्मा चढवला आणि पोथीकडे तोंड केलं.

“गार होऊ देत जा आधी.”