बाप म्हणजे भात

एका गावात एक भोळा आचारी होता. शर्वरीला हे कोणी आधीच नीट समजावलं असतं, तर पुढचं काही घडलंच नसतं.

शर्वरी चार वर्षं कोरियात स्वयंपाकशास्त्र शिकून चिंचवळ्याला परत आली. तिला वाटलं होतं, गावाला सगळं पहिल्यापासून शिकवावं लागणार. कोरिया कुठे आहे हे दाखवायला तिने भलामोठा नकाशा आणला होता. तो पिशवीतच राहिला. गावातल्या बायका दुपारी भांडी आटोपून मोबाइलवर कोरियन मालिकाच बघत बसलेल्या.

"ते हिरो लोक काळ्या कागदात भात गुंडाळून खातात, ते येतं का गं तुला?" सरपंच सुलोचनाकाकूंनी पहिल्याच भेटीत विचारलं.

"आणि ती तिखट रश्शातली तांदळाची तांबडी नळकांडी?" शेजारची म्हणाली. "आणि लग्न मोडलं की हिरॉइन शेवयांचं पातेलं मांडीवर घेऊन रडते, त्या शेवया?"

शर्वरीचं काळीज सुपाएवढं झालं. तिला गावातच कोरियन खानावळ काढायची होती. बाजारतळावर ग्रामपंचायतीचा एक गाळा रिकामा होता.

"शनिवारी आमच्या बचत गटाला जेवायला घाल," काकू म्हणाल्या. "तीस जणी आहोत. आवडलं तर गाळा तुझा. नाहीतर पिठाच्या गिरणीवाला टपूनच बसलाय."

तीस जणींचं एकटीने होणार नव्हतं. तिने सदोबाकाकांना मदतीला घेतलं. सदोबाकाका लग्नातले आचारी. हाताला चव. फक्त सांगाल ते करायचे, आणि सांगाल तसंच करायचे.

शर्वरीचा एक हट्ट होता. पदार्थाचं नाव त्याच्या भाषेतच घ्यायचं.

"काका, कोरियात भाताला बाप म्हणतात. किमबाप, बिबिमबाप. आपणही बापच म्हणायचं."

"बरं ताई. म्हणजे बाप शिजवायचा."

"हो."

"आणि वाढायचा."

"हो, काका."

"आमच्याकडे बाप शिजवला तर पोलीस येतात," असं पुटपुटत सदोबाकाका कामाला लागले.

सोमवारी किमची घातली. कोबीच्या पानापानाला मीठ-मसाला चोळला, बरणी गच्च भरली. शर्वरी म्हणाली, "आता हिला तीन दिवस हात लावू नका."

तिसऱ्या दिवशी बरणी फसफसली. तांबडं पाणी ओट्यावरून खाली, खालून उंबऱ्यापर्यंत. सदोबाकाका हात पाठीमागे बांधून मध्ये उभे.

"अहो काका, बघत काय बसलात?"

"हात कसा लावणार, ताई? तुमचीच ताकीद."

"आत फसफसायला लागलं की झाकण काढून हवा जाऊ द्यायची!"

"आलं लक्षात."

दुसऱ्या दिवशी कुकर फसफसला. सदोबाकाकांनी चिमट्याने शिट्टी उपटली. हवा गेली. हवेबरोबर अर्धा भात छताला गेला.

शर्वरीने कपाळावरची शितं पुसली. "काका, बापाची घाई नाही करायची! आधी बाप गार होऊ द्यायचा. मग चटईवर पसरायचा, तेल लावायचं, घट्ट गुंडाळायचा. मग बोटभर जाडीचे तुकडे."

"आलं लक्षात. गार, चटई, तेल, गुंडाळा, तुकडे."

शुक्रवारी शेवयांची चव बघायची होती. शर्वरी आली तर पातेलं रिकामं आणि ताटात एक जाडजूड सुरळी.

"शेवया कुठायत?"

"गुंडाळल्या."

"शेवया गरमच खायच्या असतात हो! गार करून गुंडाळायचा तो फक्त बाप!"

"आलं लक्षात," सदोबाकाका म्हणाले आणि बोटांवर मोजून पाठ करू लागले. "गार झाला की गुंडाळायचा तो फक्त बाप. फक्त बाप."

शनिवार उजाडला. काकूंच्या घरी तीस जणी जमल्या. तांबडी नळकांडी पहिल्या पंगतीतच संपली. "अगं, अगदी मालिकेतल्यासारखं लागतंय!" नाक पुसत एक जण म्हणाली. मालिकेत कधी चव लागत नाही, पण तिला कोणी टोकलं नाही. शर्वरीला गाळ्यावरची पाटी डोळ्यांसमोर दिसायला लागली.

सुलोचनाकाकूंचे वडील, आबा, त्या दिवशी लेकीकडे आले होते. वय ऐंशी. वाटीभर गरम शेवया खाऊन ते स्वयंपाकघराच्या दाराशी, पंख्याखाली, खुर्चीतच पेंगले. काकूंनी जाता जाता त्यांच्या हाताला हात लावला.

"अगंबाई! सदोबा, बाप गार झालाय माझा, बघा की जरा!" असं म्हणून त्या ताक वाढायला गेल्या.

पंखा बंद करायचा होता, एवढंच. पण तसं त्या म्हणाल्या नव्हत्या.

शर्वरी रिकामं पातेलं घेऊन आत आली. जमिनीवर लग्नातली मोठी चटई. चटईत आबा. अंगभर तिळाचं तेल, बाहेर फक्त मिशा. सदोबाकाका गुडघा लावून शेवटचा वेढा घट्ट करत होते. दुसऱ्या हातात सुरी.

"बरं झालं आलात, ताई. एवढ्या मोठ्याचेसुद्धा तुकडे बोटभरच ना?"

शर्वरीच्या हातातून पातेलं पडलं. तीस जणी धावत आल्या. काकू किंचाळल्या. शर्वरीला गाळ्यात गिरणीचा पट्टा फिरताना दिसला.

तेवढ्यात चटईतून आवाज आला.

"कोण कोकलतंय? दहा वर्षांनी गुडघे मोकळे झालेत. पडू द्या जरा."

आधी काकू हसल्या. मग सगळ्या. हसता हसता काकू भिंतीला टेकल्या आणि पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "गाळा घे बाई तू. गिरणीत एवढी करमणूक व्हायची नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी शर्वरीने हट्ट सोडला. गाळ्याच्या पाटीवर तिने स्वतःच्या हाताने लिहिलं : किमभात, बिबिमभात. मग तिने सदोबाकाकांना समोर बसवलं.

"काका, आजपासून तो शब्द बंद. बाप आला की भात म्हणायचं."

"आलं लक्षात, ताई."

सदोबाकाका दार झाडायला गेले. समोरून आबा काठी टेकत, चटई काखेत मारून येत होते. सदोबाकाकांनी झाडू खाली ठेवला आणि आत हाक दिली,

"ताई, सरपंचबाईंचा भात आलाय! कालचाच आहे!"