गलबताचे मधले पान

एकदा एका शिष्याने आपल्या गुरूचे सारे आयुष्य संगणकात भरायचे मनावर घेतले. ऐकायला हे फार मोठे वाटते, पण गुरूंचे आयुष्य तसे आटोपशीर होते. तारुण्यापासून म्हातारपणापर्यंत त्यांनी एकच काम केले होते: ‘कात्री-खळ’ नावाचे मासिक काढले होते.

मासिक छंदाचे होते, आणि छंद होता कागदाच्या प्रतिकृती करण्याचा. प्रत्येक अंकाच्या मध्यभागी एक जाड पान असे. त्यावर कधी दीपमाळ, कधी छकडा, कधी पाणचक्की सुटी सुटी करून छापलेली असे. वाचकाने ते पान कात्रीने कापायचे, घड्या घालायच्या, मैद्याची खळ शिजवून कडा चिकटवायच्या, आणि संध्याकाळपर्यंत घरातल्या फळीवर पाणचक्की उभी. भोवतीच्या पानांवर पाणचक्कीची माहिती असे. ती वाचली तर उत्तमच, नाही वाचली तरी गुरुजी रागवत नसत. पुढे वाचकांचे लक्ष दुसरीकडे गेले, गुरुजींचे हात थरथरू लागले, आणि मासिक निमूटपणे बंद पडले.

शिष्य तिशीतला, संगणकात तरबेज आणि स्वभावाने अतिशय नेटका होता. त्याच्या चपला दारातसुद्धा शिस्तीत उभ्या असत. जुन्या पुस्तकांच्या दुकानात या मासिकाचा एक अंक त्याच्या हाती लागला, त्यातल्या रेखाटनांवर तो लुब्ध झाला, आणि पत्ता शोधत गुरुजींच्या दाराशी येऊन उभा राहिला.

“गुरुजी, तुमचे सगळे अंक मी इंटरनेटवर ठेवतो,” तो म्हणाला. “जगात कुठेही बसलेल्या माणसाला ते उघडता येतील, घरच्या घरी छापून घेता येतील.”

गुरुजींना मनापासून आनंद झाला. आपण गेल्यावर हे सारे रद्दीत जाणार, ही गोष्ट त्यांना आतून खात होती. “ठेव की,” ते म्हणाले. “पण त्याआधी एक तरी प्रतिकृती स्वतः करून बघ.”

“करीन ना, गुरुजी. आधी काम तर उरकू दे.”

‘आधी काम तर उरकू दे’ असे म्हणणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. आरशातही पाहिली आहेत. गुरुजी फक्त हसले.

काम सुरू झाले तेव्हा पहिली अडचण निघाली ती गुरुजींच्याच कपाटात. तिथे अंक फारसे नव्हतेच. एखाद्या मुलाचे पत्र येई, ‘माझे पान चुकीचे कापले गेले’, की गुरुजी आपल्या कपाटातला अंक त्याला पाठवून देत. असा संपादक जगात दुसरा नसेल, आणि नसलेलाच बरा, असे शिष्याला त्या दिवशी वाटले. शेवटी त्याने जुन्या वाचकांना आवाहन केले. वाचक धावून आले. कुणी ट्रंकेतून, कुणी माळ्यावरून गठ्ठेच्या गठ्ठे आणले आणि गुरुजींच्या पाया पडून गेले. मात्र बहुतेक अंकांतले मधले पान गायब होते.

शिष्याला हे फार लागले. त्याने दोन ढीग केले. मधले पान शाबूत असलेल्या अंकांवर ‘पूर्ण’ अशी पट्टी लावली, बाकीच्यांवर ‘अपूर्ण’. ‘अपूर्ण’चा ढीग खांद्याला लागला आणि ‘पूर्ण’चा जेमतेम गुडघ्याला. तरी चिकाटी मोठी. कुणी चुकून दोन प्रती घेतल्या होत्या, कुणी गोवराने अंथरुणाला खिळला होता, अशा नाना कारणांनी वाचलेली पाने त्याने एकेक करून मिळवली. राहिला फक्त एक अंक, गलबताचा दिवाळी अंक. तो सगळ्यांकडे होता आणि त्यातले पान कुणाकडेच नव्हते.

“मधलं पान?” अंक घेऊन आलेल्या एक आजीबाई म्हणाल्या. “अरे, ते कापायचंच असतं ना? आम्ही तिघी बहिणींनी मिळून केलं होतं गलबत. शिडं मी लावली होती. आमच्या गल्लीत त्या दिवाळीला किल्ला कुणी केलाच नाही, सगळ्यांच्या अंगणात गलबतं.”

शिष्याने हात जोडले आणि तोंड फिरवून सुस्कारा टाकला. एवढ्या एका पानासाठी सारे काम अडले होते. शिवाय त्याच्या मनात आणखी एक आस होती. गुरुजी तोंडाने कुणाला शाबासकी देत नसत. जे त्यांना मनापासून आवडे ते उचलून ते खिडकीच्या फळीवर ठेवत, एवढेच. त्या फळीवर आपले काम जावे असे त्याला फार वाटे. संगणकातले काम फळीवर कसे ठेवणार, हा विचार त्याने केला नव्हता. आस असली की माणूस असले विचार करत नाही.

आणि एके दिवशी बातमी लागली, की पेठेतल्या एका कापडाच्या व्यापाऱ्याकडे गलबताचा अंक आहे, आणि तो न कापलेला आहे.

शेठजींनी तो काचेच्या कपाटात, बटरपेपरमध्ये गुंडाळून ठेवला होता. “लहानपणी वडिलांनी आणला होता,” ते म्हणाले. “हातात देताना म्हणाले, मोलाची वस्तू आहे, खराब करू नकोस. नाही केला.” हे सांगताना त्यांच्या बोलण्यात अभिमान होता आणि अभिमानाखाली आणखी काहीतरी होते, पण शिष्याचे लक्ष अंकाकडे होते. शेठजींनी अंक कुणाच्या हाती दिला नाही. स्वतः घेऊन आले, स्कॅनरवर स्वतः ठेवला आणि काम संपताच स्वतः गुंडाळला.

शिष्याने गलबताचे पानही इतर पानांसारखेच नितळ केले. पिवळेपणा काढला, बाकीच्या अंकांतले तेलाचे, हळदीचे डागही काढले. बारीक धूळ टिपायचे काम त्याने संगणकालाच सांगून ठेवले होते: कुठे ठिपका दिसला की पूस. अंक नुकते छापखान्यातून आल्यासारखे दिसू लागले. दुसऱ्या दिवशी ते जगासाठी खुले करायचे होते. त्याआधी दाखवावे म्हणून तो लॅपटॉप आणि प्रिंटर घेऊन गुरुजींकडे आला. आपले गलबत पडद्यावर कसे दिसते हे पाहायला शेठजीही अंक छातीशी धरून आले.

गुरुजींनी पडद्यावर एकेक अंक पाहिला. पुष्कळ वेळ पाहिला. “स्वच्छ आहे,” म्हणाले. मग उठले, त्या दोन ढिगांपाशी गेले, आणि थरथरत्या बोटांनी पट्ट्या काढू लागले. ज्या अंकांत मधल्या पानाच्या जागी नुसती पोकळी होती त्यांवर त्यांनी पुरल्या तेवढ्या ‘पूर्ण’च्या पट्ट्या लावल्या. कोऱ्या करकरीत अंकांवर ‘अपूर्ण’ची लावली. उरलेल्यांतली एक ‘अपूर्ण’ त्यांनी शेठजींच्या छातीशी असलेल्या बटरपेपरवर चिकटवली.

शेठजींचा चेहरा पडला. गुरुजींना आता नीट दिसत नसावे असे शिष्याला वाटले, आणि तो हळूच म्हणाला, “गुरुजी, पट्ट्यांची अदलाबदल झाली.”

“झाली नाही, मी केली. उद्या हे जगापुढे ठेवणार ना तू? मग आज यातलं एक गलबत मला करून दाखव.”

शिष्याने आपल्या नितळ पानाची जाड कागदावर छपाई केली आणि कात्री घेतली. कापले मात्र त्याने दृष्ट लागण्याजोगे. पण घड्या घालायची वेळ आली तेव्हा तो थबकला, कारण घडी कुठे घालायची याची खूण पानावर कुठेच नव्हती. अंदाजाने एक घडी घातली, मग दुसरी. नाळ, म्हणजे गलबताचे पुढचे टोक, एका बाजूला कलली, डावी बाजू उजवीला मिळेना, आणि जे तयार झाले ते पाहून रुसलेल्या शेठजींनाही हसू आवरेना. चुरगळलेल्या टोपीसारखे काहीतरी झाले होते.

शिष्य घामाघूम झाला. “शेठजी,” तो म्हणाला, “एकदा तुमचा अंक बघू द्या.”

शेठजींनी बटरपेपर उघडला. शिष्य त्या पानावर ओणवा झाला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने मधले पान कापणाऱ्याच्या नजरेने पाहिले. तिथे ठिपके होते. सुईच्या टोकाएवढे, करडे, जागोजाग जोडीजोडीने. घडीची रेघ छापली तर ती गलबत झाल्यावरही त्याच्या अंगावर दिसत राहते, म्हणून ‘कात्री-खळ’मध्ये रेघ छापतच नसत. दोन टोकांना दोन ठिपके देत. दोहोंवर पट्टी ठेवायची, बोथट सुरी हलकेच ओढायची आणि घडी घालायची. पहिल्या अंकात ही सूचना ठळक छापली होती, आणि पुढे ती प्रत्येक वाचकाच्या हाताला पाठ झाली. शिष्याने ते सूचनेचे पानही चकचकीत स्वच्छ केले होते. फक्त वाचले नव्हते.

“मला ती धूळ वाटली,” तो कसाबसा म्हणाला. “सगळ्या अंकांतली पुसली मी.”

गुरुजी त्याच्या शेजारी बसले. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

“अरे, तू हे काम अंगावर घेतलं नसतंस तर यातलं काहीच उरलं नसतं, हे मी विसरत नाही. पण छापखान्यातून निघतो तो अंक अर्धाच असतो. उरलेला अर्धा कुणाच्या तरी स्वयंपाकघरात, खळीच्या पातेल्याशेजारी व्हायचा. त्या आजींच्या अंकात तुला पोकळी दिसली. तिथून तिघी बहिणींचं गलबत निघालं होतं, म्हणून मी त्याला पूर्ण म्हटलं. वस्तू जपावी, जरूर जपावी. पण ती कशासाठी होती हे जपणाऱ्याच्या हातांना ठाऊक नसलं, तर नेमकं तेवढंच पुसलं जातं.”

शिष्याने लॅपटॉप ओढला. स्कॅनच्या मूळ प्रती त्याने पुसल्या नव्हत्या. नेटक्या माणसाचा हा एक मोठा फायदा असतो. त्याने गलबताचे मूळ पान उघडले. पिवळेपणा होता, कडेला पडलेली सुरकुती होती, आणि सगळे ठिपके आपापल्या जागी होते. छपाई करून त्याने ते पान गुरुजींपुढे ठेवले.

शेठजी कधी त्या छापील पानाकडे तर कधी आपल्या अंकाकडे पाहत होते. “हे पान आता सगळ्यांना मिळणार?” त्यांनी विचारले.

“ज्याला हवं त्याला मिळेल,” शिष्य म्हणाला. “आता ते हरवायचं नाही.”

“म्हणजे मी राखण केली नाही तरी चालेल.” शेठजींनी हात पुढे केला. “मग कात्री द्या इकडे. माझं मी कापतो.”

दुकानात रोज ताग्यामागून तागे फाडणारा तो माणूस कात्री हातात घेऊन क्षणभर लहान मुलासारखा घुटमळला. “शेठजी, नको” हे शब्द शिष्याच्या अगदी ओठांवर आले होते. एकच उरलेले, कोरे पान. पण ते शब्द त्याने गिळले आणि तो उठून आत गेला.

“कुठे चाललास?” गुरुजींनी विचारले.

“खळ शिजवायला,” शिष्य म्हणाला.

पहिली खळ करपली, दुसरीत गाठी झाल्या, तिसरी साधली. शेठजींनी जीभ दातांत धरून एकेक घडी घातली. डोलकाठी उभारताना त्यांना आपले वडील आठवले. “अंक कोरा ठेवला म्हणून त्यांना वाटलं, मी खूश आहे,” ते म्हणाले आणि नाक ओढून पुन्हा कामाला लागले. शिडे लागली तेव्हा गलबत किंचित तिरपे उभे राहिले, वाऱ्यावर निघाल्यासारखे. गुरुजींनी ते उचलून खिडकीच्या फळीवर ठेवले, आणि शेठजी साठीच्या वयात दोन्ही हातांनी टाळ्या वाजवू लागले. शिष्यही वाजवू लागला.

रिकाम्या बटरपेपरवरची ‘अपूर्ण’ची पट्टी आता कशालाच लागू पडत नव्हती. शिष्याने ती काढली, थोडा विचार केला, आणि आपल्या लॅपटॉपच्या झाकणावर चिकटवली.

खुले करण्याचा दिवस अर्थातच पुढे गेला. शिष्याने सारे अंक मूळ प्रतींवरून पुन्हा केले. ठिपके ठेवले, हळदीचे डागही ठेवले. दर अंकातली प्रतिकृती तो स्वतः करून बघायचा आणि मगच पुढे सरकायचा. त्यामुळे काम लांबले, पण त्याच्या घरात मुंगीला बसायला जागा उरली नाही. खिडकीत दीपमाळा, पलंगाखाली छकडे. चपला मात्र आता दारात कशाही पडलेल्या असत.

अंक खुले झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी तो गुरुजींकडे धावत आला आणि लॅपटॉप उघडून त्यांच्यासमोर धरला. पडद्यावर एक छायाचित्र होते. कुठल्याशा अनोळखी गावातल्या, अनोळखी घरातल्या ओट्यावर एक गलबत उभे होते, एका बाजूला बरेचसे कललेले. शेजारी खळीचे पातेले होते. खाली लिहिले होते, ‘आज केलं. शीड वाकडं झालंय.’

गुरुजींनी ते वाकडे शीड डोळे भरून पाहिले. मग त्यांनी थरथरत्या नखाने झाकणावरची पट्टी सोडवली, फळीवरच्या प्रतिकृती जरा सरकवून जागा केली, आणि उघडा लॅपटॉप उचलून त्यांच्या रांगेत ठेवून दिला.