गुळणीनंतरचं पाणी

"...मग अजून काय घालत होता तुम्ही त्या काढ्यात?"

विसाजी वैद्यानं नमस्कारही धड केला नव्हता. जोडे काढता काढताच त्यानं विचारलं.

रामगीर गोसावी मठापुढच्या बकुळीखाली बसले होते. त्यांनी मान वर केली. "आलास?" म्हणाले, जणू विसाजी सकाळी ओढ्यावर जाऊन आत्ता परत येत होता.

त्याला मठ सोडून पुष्कळ वर्षं झाली होती. रामगीर बुवांच्या हाताखाली तो दातांच्या हिरड्यांसाठीचा काढा उकळायला शिकला, चार जणांचे हलते दात त्यानं घट्ट झाले, आणि विद्या पुरी झाली असं विसाजीनं परस्पर ठरवून टाकलं. तालुक्याच्या गावी त्यानं दुकान थाटलं. लोक वैद्यराज म्हणू लागले. नावामागे धावता धावता प्रपंच मांडायचा तेवढा राहून गेला.

आता तो बुवांपुढे बसला आणि त्यानं आपलं गाऱ्हाणं सांगायला घेतलं.

बकुळीची साल, डाळिंबाची साल, खैर, आवळकाठी. झाडं तीच, मापं तीच. रोग्यांचं रक्त थांबतं, सूज उतरते, त्याबद्दल तक्रार नाही. पण मठात गुळणी टाकून वर पाणी प्यायलं की ते गोड लागायचं. तसं पाणी त्याला पुन्हा कधी लागलं नव्हतं. त्यानं आवळकाठी वाढवून पाहिली, भांडं बदललं, विहीरसुद्धा बदलली. रोज सकाळी तो स्वतः गुळणी धरायचा, घाईनं थुंकायचा, तांब्या तोंडाला लावायचा. पाणी नुसतं पाणीच.

"तुम्ही एक जिन्नस राखून ठेवलात," विसाजी म्हणाला. "मांजरीनं वाघाला सगळं शिकवलं, झाडावर चढणं तेवढं नाही. तसं केलंत."

बुवा हसले. तोंडात एकही दात नव्हता.

विसाजीला ते आत्ता दिसलं. जगाच्या तोंडात डोकावणारा वैद्य, आणि समोरच्या म्हाताऱ्याचं बोळकं त्याच्या नजरेला इतक्या उशिरा पडलं.

...

"तुझा काढा आणलायस?" बुवांनी विचारलं.

त्यानं पिशवीतून बाटली काढून दिली. बुवा ती घेऊन भिंतीला धरत धरत आत गेले. बऱ्याच वेळानं वाटी आणि पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले. वाटीत काळपट काढा होता.

"धर तोंडात."

विसाजीनं गाल भरून गुळणी धरली. मठाचा नियम त्याला ठाऊक होता. डोळ्यांना पाणी येईपर्यंत थुंकायचं नाही, आणि तोवर बोलायचंही नाही. नंतर तांब्याला आपण हात लावायचा नाही, दुसऱ्यानं ओतायचं. रोज पहाटे गुरुशिष्य असे समोरासमोर बसायचे आणि मग एकमेकांच्या ओंजळीत पाणी ओतायचे. तरुण विसाजीला तो निव्वळ वेळेचा खोळंबा वाटायचा.

आता तो जिभेनं जिन्नस शोधू लागला. बकुळ लागली. डाळिंब लागलं. खैराचा तुरटपणा टाळूला चिकटला. राखून ठेवलेला जिन्नस काही सापडेना.

समोर बुवा तांब्या मांडीवर धरून बसले होते. तांब्या भरलेला होता, पण खाली ठेवत नव्हते.

शोधता शोधता विसाजी शोधायचं विसरला. ही बकुळ तेव्हा एवढी उंच नव्हती. थंडीत बुवा आपली घोंगडी त्याच्या अंगावर टाकायचे, आणि उन्हं आली की ऊन लागेल म्हणून तीच ओढून काढायचे. त्याच्यावर ओरडायचे, "विस्या, झोपलास काय?" दुकानात त्याला विस्या म्हणणारं कुणी नव्हतं. त्याला या जागेची फार आठवण येत होती. कितीतरी वर्षं येत होती, आणि तो तिला जिन्नस म्हणत होता.

डोळे भरले.

"आलं पाणी," बुवा म्हणाले. "टाक आता."

त्यानं बकुळीच्या बुंध्याशी गुळणी टाकली आणि सवयीनं ओंजळ पुढे केली. बुवांनी तांब्या कलता केला. थोडं पाणी मनगटावर सांडलं, उरलेलं तो प्यायला.

गोड होतं.

तो ओंजळ तशीच धरून राहिला. बुवांनी पुन्हा ओतलं. तेही गोड होतं.

"हेच," तो म्हणाला. "हेच ते. काय घातलंत यात?"

बुवांनी उंबऱ्याकडे बोट दाखवलं. तिथं त्याचीच बाटली उभी होती, अर्धी रिकामी.

...

"माझाच काढा?"

बुवांनी मान डोलावली.

विसाजीनं बाटली उचलून हुंगून पाहिली आणि खाली ठेवली. मग त्यानं विचारलं, पण या वेळी तक्रारीचा सूर नव्हता. "मग माझ्याकडे पाणी गोड का लागत नाही, बुवा?"

बुवांनी उरलेलं पाणी बकुळीच्या मुळाशी ओतलं, आणि तांब्या त्याच्या हातात दिला.

"तिकडे ओतून कोण देतं, विस्या?"