नव्या जासुदाचे लाल जोडे

फार पूर्वी, डोंगरातल्या वाटांवर घोडासुद्धा पाय ठेवायला कचरत असे, तेव्हा एका लहानशा राज्याचे सगळे निरोप जासूद धावत पोचवत. गडावरून खबर निघाली की जासूद डोंगर उतरायचा आणि ज्या वाडीची खबर असेल तिथे जाऊन तोंडी सांगायचा.

त्या गडावर सुभाना नावाचा तरुण नवा जासूद म्हणून लागला. त्याचे मामा तिथेच जासूद होते. गुडघे साथ देईनात म्हणून त्यांनी काम सोडलं होतं आणि ते दरीतल्या आपल्या वाडीत, मामीजवळ राहायला निघाले होते. जाण्याआधी ते भाच्याला कोठीत घेऊन गेले. नव्या जासुदाने कोठीतून हवं ते सामान निवडावं, अशी तिथली रीत होती.

मामांनी वापरून मऊ झालेल्या वहाणांचा एक जोड उचलला. "या घालून बघ. बोटांपुढे जरा जागा राहिली पाहिजे. उतारावर पाय पुढे सरकतो." मग त्यांनी एक सुती सदरा काढला आणि खांद्याला अडकवायचा, पाण्याचा भोपळ्याचा तुंबा काढला. "झालं. एवढं पुरे."

"एवढंच?" सुभाना म्हणाला. त्याची नजर वरच्या खुंटीवर गेली होती. तिथे लाल कातड्याचे टोकदार जोडे टांगले होते, त्यांना जरीचे गोंडे होते. शेजारी मखमली अंगरखा होता आणि चांदीच्या मुठीची काठी. "मामा, ते घेतलं तर चालतं?"

"चालतं. पण ते मिरवणुकीचं सामान आहे. धावायचं नाही."

सुभानाने लाल जोडे पायांत चढवले. अंगठे आतून दाबले गेले.

"आवळतात का?" मामांनी विचारलं.

"नाही," सुभाना म्हणाला. "आणि जासूद आला हे लोकांना लांबून दिसायला नको का?"

"लोकांना खबर वेळेवर कळली म्हणजे झालं." मामा वाद घालणारे नव्हते. त्यांनी तुंबा पुढे केला. "हा तरी ने."

"मखमलीवर भोपळा कसा दिसेल, मामा?" सुभाना हसला. तुंबा कोठीतच राहिला.

पहिले काही महिने सुखाचे गेले. सुभानाच्या वाट्याला जवळचीच कामं आली. बाजारपेठेतून तो निघाला की दुकानदार गिऱ्हाईक सोडून बघायचे, बायका दारात यायच्या. जोडे चावायचे, मग तो टाचेला कापूस लावायचा. माणसं असतील तिथे तो सावकाश चालायचा आणि पुढे धावून वेळ भरून काढायचा. दरीपर्यंतची लांब वाट मात्र त्याने एकदाही धावून पाहिली नाही. लागेल तेव्हा जाऊच की, असं त्याला वाटे.

उन्हाळा आला. एका दुपारी पहारेकऱ्याला पलीकडच्या डोंगरामागे धूर दिसला. वणवा लागला होता आणि वारा दरीकडे वाहत होता. मामांच्या वाडीला मध्ये डोंगर आडवा असल्यामुळे तिथल्या लोकांना काहीच दिसणार नव्हतं. वाडीतली सगळी घरं गवताने शाकारलेली.

गडकरी म्हणाले, "सुभाना, धाव. माणसं आणि गुरं घेऊन नदीच्या पात्रात उतरा म्हणावं. वेळ थोडा आहे."

पहारेकऱ्याने पाण्याची पिशवी पुढे केली. सुभानाच्या हातात काठी होती, कमरेला जरीचा पट्टा होता. पिशवी अडकवायला जागा नव्हती. "वाटेत झरा आहे," म्हणून तो निघाला.

उतार लागला आणि प्रत्येक पावलाला अंगठे जोड्याच्या टोकावर आदळू लागले. मखमल घामाने भिजून जड झाली. झऱ्यापाशी आला तर नुसते दगड होते. उन्हाळ्यात तो आटतो हे त्याला माहीत नव्हतं. तो मटकन खाली बसला. जोडे ओढून काढले तर टाचांवरचे फोड फुटले होते आणि नखांतून रक्त येत होतं.

मग त्याने शहाणपणा केला. जोडे, अंगरखा, काठी, सगळं झाडाखाली एका खडकावर ठेवलं आणि अनवाणी धावत सुटला. पायांची आग होत होती, पण अंग हलकं झालं होतं. वाट भराभर मागे पडू लागली. कामाला लागल्यापासून पहिल्यांदाच तो जासुदासारखा धावत होता.

पण थोडं अंतर गेल्यावर त्याच्या मनात आलं, एखादा गुराखी तिथून गेला तर? चांदीची मूठ कोण सोडेल? उद्या बाजारपेठेतून साध्या सदऱ्यात जायचं? तो थांबला. त्याने डोंगराकडे पाहिलं. धूर अजून पलीकडेच होता.

"तेवढ्याने काय होतंय," तो स्वतःशीच म्हणाला आणि मागे वळला.

वर चढून त्याने सामान घेतलं. जोडे गळ्यात अडकवले, अंगरखा खांद्यावर टाकला. आता पुन्हा उतरताना दगड तापले होते, पाय सोलले होते आणि ओझं होतं. तो धावत नव्हता, लंगडत होता.

वाडीच्या पहिल्या घराशी पोचला तेव्हा डोंगरमाथ्यावर जाळ दिसू लागला होता. त्याने ओरडायला तोंड उघडलं, पण कोरड्या घशातून शब्दच फुटेना. दारातल्या बाईला वाटलं, उन्हाने वाटसरू बेजार झालाय. तिने आधी पाणी आणून दिलं. ते प्यायल्यावर त्याने खबर सांगितली.

वाडी धावली. म्हातारीकोतारी, तान्ही मुलं, सगळी नदीच्या वाळूत उतरली. मामांचे काही शेजारी रानात गेले होते, त्यांची गुरं गोठ्यात बांधलेली होती. मामा दुखऱ्या गुडघ्यांनी एकेक दावं सोडत गेले. तोवर आग वाडीत उतरली होती. शेवटच्या गोठ्यातली म्हैस बाहेर आली आणि मागे जळतं छप्पर कोसळलं. मामा आतच राहिले.

संध्याकाळी वाळूवर मामी सुभानाजवळ येऊन बसल्या. रडून रडून त्यांचे डोळे सुजले होते. कुणाकडून तरी तेल मागून घेऊन त्या त्याच्या पायांना लावू लागल्या.

"वाटेत कुठे अडलास का रे?" त्यांनी विचारलं. "थोडा आधी आला असतास, तर ते निघाले असते."

"जोडे चावले, मामी," सुभाना म्हणाला.

मामींनी ते सोललेले तळवे मांडीवर घेतले. "किती सोसलंस रे पोरा," त्या म्हणाल्या.

पुढचं सांगायला सुभानाने तोंड उघडलं आणि मिटलं.

वाडी वाचवली म्हणून गडावर त्याचं कौतुक झालं. दरवर्षी उन्हाळ्यात तो मामींना भेटायला जाई. आल्यागेल्याला मामी अभिमानाने सांगत, "रक्ताळल्या पायांनी आला होता हा, मामासाठी. क्षणभर थांबला नाही वाटेत." सुभाना ते खाली मान घालून ऐके. मामी थकल्या, गेल्या, तोवर दरवर्षी त्याने ते ऐकलं.

तात्पर्य एवढंच: धावायला निघताना पायांना आणि घशाला लागेल तेवढंच घ्यावं. मिरवायला घेतलेलं सामान सांभाळण्यात वेळ जातो, आणि तो वेळ दुसऱ्या कुणाच्या तरी आयुष्यातला असतो.