आढ्यावरची कणसं

ही फार जुन्या काळातली गोष्ट आहे. तेव्हा वाटसरूने रस्ता विचारला, तर लोक आधी त्याला जेवून जा म्हणत आणि मग रस्ता सांगत.

अशा त्या काळी, नदीकाठच्या काळ्या रानात एक शेतकरी राहत होता. त्याच्या ज्वारीची भाकरी इतकी गोड होती, की सोबत नुसता कांदा मिळाला तरी जेवणारा तक्रार करत नसे. लांबलांबचे लोक वाट वाकडी करून त्याच्या ओसरीवर येत, पोटभर जेवत आणि भाकरीची तारीफ करत जात. तारीफ ऐकली, की शेतकऱ्याच्या अंगावर मूठभर मांस चढे. माणूस मनाने मोठा होता, यात शंका नाही. पण त्याला कौतुकाचीही भूक होती, आणि ही भूक जेवल्याने वाढते.

आता ती ज्वारी एवढी गोड का, ते सांगतो. त्या घरात एक रीत होती. पीक काढायच्या आधी शेतकरीण एकटी उभ्या रानात शिरायची. ज्वारीचं एकेक ताट निरखून बघायची आणि सगळ्यांत भरलेली, निरोगी कणसं तेवढी खुडायची. घरी आणून त्यांच्या जुड्या बांधायची आणि चुलीच्या वर आढ्याला टांगायची. धुरामुळे त्यांना कीड लागत नसे. ते पुढच्या पेरणीचं बियाणं. बाकीचं धान्य कणगीत जाई आणि घर वर्षभर तेच खाई. म्हणजे पिकातलं सर्वांत चांगलं धान्य घरातलं कुणीच खात नव्हतं. ऐकायला हा वेडेपणा वाटतो. एके दिवशी शेतकऱ्यालाही तो तसाच वाटला.

झालं असं, की एक नावाजलेला पाहुणा जेवायला आला. जेवता जेवता त्याची नजर आढ्याकडे गेली. कणगीतल्या ज्वारीची भाकरी एवढी गोड, तर या टपोऱ्या कणसांची कशी लागेल, असं तो सहज बोलून गेला. शेतकरी लगेच उठला आणि त्याने एक जुडी खाली काढली.

शेतकरीण चुलीपासून उठून आली. "ते रानाचं हाय," ती म्हणाली. "पावण्याला कणगीतलंच वाढू."

"दारी आलेल्याला दुय्यम वाढू व्हय? रानाला काय चव कळती?"

पाहुण्यापुढे वाद नको म्हणून तिने तीच कणसं झोडून दळायला घेतली. पाहुणा बोटं चाटत गेला आणि चार गावांत सांगत सुटला. मग येणारा प्रत्येक जण जेवायला बसला, की आधी मान वर करून बघू लागला. पेरणीच्या वेळी आढ्याला नुसत्या दोऱ्या लोंबत होत्या. शेतकऱ्याने कणगीतलं धान्य काढलं आणि तेच पेरलं.

आणि काही बिघडलं नाही बरं का! त्या वर्षीही पीक जवळजवळ तसंच आलं. जमिनीची हीच खोड आहे, ती लगेच भांडत नाही. शेतकरी बायकोला हसून म्हणाला, की बघ, उगाच घाबरत होतीस. पुढच्या सुगीलाही तिने कणसं निवडली आणि त्याने ती पाहुण्यांना वाढली. त्यानंतरच्या सुगीला ती रानात शिरलीच नाही. त्याने कारण विचारलं, तेव्हा पंगतीसाठी कणसं निवडायला माझे डोळे कशाला हवेत, एवढंच ती म्हणाली.

हळूहळू कणसं बारीक होऊ लागली. कुठे कुठे काणीचा रोग दिसू लागला. चांगलं दिसणारं कणीस हातात घ्यावं, तर दाण्यांऐवजी काळी भुकटी हाताला लागे. पिठाला चिकी राहिली नाही. भाकरी थापताना तिचे काठ फाटायला लागले. शेतकऱ्याने आधी पावसाला दोष दिला, मग वाऱ्याला, आणि शेवटी जातं बोथट झालं म्हणून त्याला टाकी लावून घेतली. भाकरी काही सुधारली नाही.

एकदा एक जुना पाहुणा आला. त्याने अर्धी भाकरी खाल्ली, पोट भरलं म्हणाला आणि हात धुतला. त्याने नाव ठेवलं नाही, कौतुकही केलं नाही. त्या दिवशी शेतकऱ्याला फार वाईट वाटलं. हळूहळू ओसरी रिकामी पडली. मग एका वर्षी तर सगळं रान काणीने काळं झालं. पेरावं असं मूठभर बियाणंही घरात उरलं नाही. वाडवडलांपासून चालत आलेली ज्वारी त्याच्या हातून संपली होती.

तेव्हा शेतकरीण म्हणाली, "लेकीकडं जावा. लग्नात तिच्या ओटीत म्या हीच ज्वारी घातली हुती."

लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरी जेवायचं नाही, अशी तिकडे चाल होती. मूल होऊनही बरीच वर्षं झाली होती. पण शेतकऱ्याला स्वतःच्या पाहुण्यांतून सवड कुठे होती? आयुष्यात पहिल्यांदाच तो पाहुणा होऊन निघाला.

लेकीने पाय धुवायला पाणी दिलं, घोंगडं अंथरलं. त्याने वर पाहिलं, तर आढं टपोऱ्या कणसांनी भरलेलं. त्याच्या जिवात जीव आला. पण लेक उठली ती कणगीकडे गेली, सुपात साधी ज्वारी घेऊन जात्यावर बसली. बापाला राहवलं नाही.

"बापालाबी कणगीतलीच व्हय गं?"

"वरची रानाची हायेत, आबा," ती दळता दळता म्हणाली. "ती आमी कुणालाच वाढत न्हाई. मामंजींनाबी न्हाई."

तव्यावरची भाकरी टम्म फुगली. शेतकऱ्याने रुसूनच घास मोडला, आणि तोंडात घालताच त्याचा हात थांबला. त्याने पाहुण्यांना जे सर्वांत उत्तम म्हणून वाढलं होतं, त्याहून लेकीच्या घरचं उरलेलं धान्य गोड होतं. त्याचे डोळे भरून आले.

"पोरी," तो म्हणाला, "म्या रानाचा घास काढून लोकांना वाढला, आन् वर दाता म्हणवून घेतलं."

लेकीने दुसरी भाकरी वाढली आणि निघताना एक जुडी त्याच्या उपरण्यात बांधून दिली.

एका जुडीत रानाचा एक कोपराच पेरून झाला. पुढची कित्येक वर्षं त्या घराने इकडून तिकडून मिळालेलं हलकंसलकं धान्य खाऊन काढली. शेतकरीण पुन्हा रानात शिरू लागली आणि शेतकरी तिच्या मागे मागे फिरून कणीस निवडायला शिकला. कुणी आलं, तर तो फाटक्या काठाची भाकरी वाढून सांगे, की यंदा एवढंच आहे, गोड मानून घ्या. काहींनी नाकं मुरडली, काही पुन्हा आलेच नाहीत. त्याने जाऊ दिलं. त्याच्या कणगीतली भाकरी पुन्हा गोड झाली, तेव्हा त्याचे केस पांढरे झाले होते. त्या ओसरीवर आता थोडेच लोक जेवत होते, पण कुणी अर्ध्यावर हात धूत नव्हतं.

बोध: सर्वांत चांगलं ते आधी मातीला द्यावं, म्हणजे उरलेल्यावरही घर आणि दारी आलेला दोघंही तृप्त होतात.